नुकसान : अद्याप निश्चित नाही

अर्जदार : शंकर, वडिलांचे नाव कालकथित सोनबा, व्यवसाय अर्जनवीस, बसण्याचे ठिकाण लखनौ कचेरीच्या भिंतीलगतचा कडुनिंब, मूळ राहणार जिल्हा भंडारा, हल्ली मुक्काम निशातगंज.

ज्यांच्या नावे : प्रभाकर, अर्जदाराच्या धाकट्या बहिणीचे यजमान, नोकरी हवामानाच्या कार्यालयात, सरोजिनीनगर. हल्ली मुक्काम : (हा रकाना रिकामा सोडला आहे.)

तारीख : तुम्ही गेलात तेव्हाचे धुके उठून गेले आणि आता दुपारी उघड्या डोक्याने चालवत नाही, त्या दिवसांतली.

साक्षीदार : पहिली सुमन, माझी बहीण व तुमची पत्नी. दुसरे पांडेजी, तुमचे कार्यालयातले सहकारी, ज्यांना मराठी बोलता येत नाही, परंतु आपले भांडण ज्यांनी अथपासून इतिपर्यंत ऐकले आहे. तिसरा एक उपग्रह, जो रोज दुपारी या शहरावरून जातो. त्याची साक्ष कितपत धरावी, हाच वादाचा विषय आहे.

जावईबापू,

अर्जाची सुरुवात अशी करतात, म्हणून मीही अशी केली. उभा जन्म कडुनिंबाखाली बसून मी दुसऱ्यांची दुःखे अशाच रकान्यांत बसवीत आलो. स्वतःचे दुःख बसविण्याची वेळ आली तेव्हा दुसरी रीत हाताशी नव्हती. आपल्या मंडळींत गेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘कालकथित’ लिहितात, तो शब्द तुमच्या नावाआधी यावयास हवा. वडिलांच्या नावाआधी मी तो न अडखळता लिहितो. तुमच्या नावाआधी लिहावयास गेलो आणि कागद फाडला. दुसरा घेतला, तोही फाडला. शेवटी ती जागा तशीच ठेवली. जे माहीत असूनही लिहवत नाही त्यासाठी काय करावे हे मला ठाऊक नाही. परंतु जे मोजता आले नाही त्याची जागा मोकळी सोडावी, हे तुमच्याकडूनच शिकलो आहे.

प्रथम एक दुरुस्ती नोंदवितो. तुमच्या पुण्यानुमोदनाला मानकनगरच्या रेल्वे वसाहतीत आपली सगळी मंडळी जमली होती. त्रिशरण पंचशील झाल्यावर भाषणे झाली. एकाने तुम्हाला थोर शास्त्रज्ञ म्हटले. दुसऱ्याने तुम्ही आकाशातले भोक शोधून काढल्याचे सांगितले. त्यानंतर मी उठलो. मला सभेत बोलण्याचा सराव आहे हे आपण जाणताच. मी म्हणालो की, ज्याने आकाशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले असा हा पुरुष होता. लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या सतरंजीवरून सुमन हळूच म्हणाली, “दादा, खाली बसा. ते असं कधीच बोलले नव्हते.”

मी बसलो. तिचे म्हणणे बरोबर होते. तुम्ही आकाशावर कधी आरोप ठेवला नाही. तुम्हाला फक्त आकाश कसे आहे ते रोज विचारायचे होते, आणि काल कसे होते ते विसरायचे नव्हते. माझे ते वाक्य रद्द समजावे.

तुमची माझी ओळख एका शब्दाच्या चुकीने पक्की झाली. तो उपग्रह वर गेला त्याच हिवाळ्यात सुमनचे लग्न झाले. तुम्ही गमतीने म्हणत असा की, एकाच हंगामात दोघांची पाठवणी झाली. एकाला वर धाडले आणि एकीला निशातगंजला. तुम्ही तेव्हा अमरावतीकडून नवे आलेले, हिंदी पुस्तकातली. गल्लीच्या तोंडावरच्या पानवाल्या चौरसियाने विचारले, “भाईसाहब, आप करते क्या हैं?” तुम्ही सरळ मनाने सांगितलेत, “हवा का संशोधन करता हूँ.” त्याने विचारले, “कौन सी हवा?” तुम्ही बोट वर केलेत आणि म्हणालात, “ऊपर की. बहुत ऊपर की.”

आपल्याकडे संशोधन म्हणजे न कळलेले शोधून काढणे. इकडे संशोधन म्हणजे कागदातली चूक दुरुस्त करणे. आणि ज्याचा हात ‘ऊपर’ पोहोचतो त्याला या शहरात काय मान आहे, हे मी सांगावयास नको. दुसऱ्या दिवशी सकाळी चौरसिया रेशनकार्ड घेऊन तुमच्या दाराशी उभा. त्यावर त्याच्या बायकोचे नाव आईच्या रकान्यात पडले होते. “भाईसाहब, इसमें ज़रा संशोधन करा दीजिए. आपकी तो ऊपर तक पहुँच है.”

तुम्ही त्याला घेऊन थेट कडुनिंबाखाली आलात. मी प्रकार समजून घेतला, अर्ज लिहिला, आणि मग तुम्हाला तुमच्या शब्दाचा इकडचा अर्थ सांगितला. तुम्ही हसत हसत माझ्या पेटीवरच बसलात.

“जावईबापू, इथे शोध म्हणत जा,” मी म्हणालो. “संशोधन म्हणाल तर उद्या रांग लागेल.”

“लागू द्या, दादा. तुमचाच धंदा वाढेल.” मग तुम्ही म्हणालात, “तसं बघितलं तर ते लोक चुकून नाही राहिले. आम्हीही दुरुस्तीच करतो. फक्त हवेत करायची नसते. आधी आपल्यात करायची, मग यंत्रात. हवा आहे तशी राहू द्यायची.”

त्या वेळी मला ते नीट समजले नाही, तरी मी समजल्याप्रमाणे मान हलविली. पुढे खरोखरच माणसे येत राहिली. कोणाची जन्मतारीख, कोणाच्या बापाचे नाव, कोणाच्या सातबाऱ्यासारख्या इकडच्या कागदातला हिस्सा. तुम्ही त्यांना माझ्याकडे पाठवीत असा आणि संध्याकाळी भेटल्यावर विचारीत असा, “मुन्शीजी, आज माझी किती संशोधनं निकालात काढली?” मला मुन्शी म्हटलेले आवडत नाही. इतरांना मी तसे स्पष्ट सांगतो. तुम्ही म्हणत होता तेव्हा मी फक्त रागावल्यासारखे करीत असे. आता त्या हाकेची वाट पाहत बसतो, हे येथे लेखी देतो.

तुमचे काम मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले ते एका जेठातल्या दुपारी. एका पक्षकाराच्या जमिनीसाठी विमानतळाच्या बाजूला आलो होतो, तसाच तुमच्या कार्यालयात शिरलो. शिपायाने वरच्या गच्चीकडे बोट दाखविले. गच्चीवर पाय ठेववत नव्हता. तुम्ही डोक्यावर ओला गमछा टाकून एका लांबट, चाकांवरच्या पेटीला डोळा लावून उभे होता. पांडेजी बाजूला घड्याळ धरून होते. मी बोलावयास लागलो तो तुम्ही हात वर केलात. थोड्या वेळाने म्हणालात, “दादा, वर बघा.”

मी बघितले.

“काय दिसतं?”

“काही नाही.”

“बरोबर. आत्ताच गेला तो.”

पांडेजी म्हणाले, “मुंशीजी, हाथ जोड़ लीजिए. ऐसे जजमान रोज़ नहीं गुज़रते.”

मग सावलीला बसून तुम्ही मला सांगितलेत. वर, ढगांच्याही कितीतरी वर, ओझोन नावाच्या वायूचा थर आहे आणि सूर्याचे जे किरण कातडी जाळतात ते तो अडवितो. तो किती आहे हे उपग्रह वरून बघतो आणि तुम्ही खालून. सूर्याचे दोन जातींचे किरण घ्यावयाचे, एक ओझोनमध्ये फार अडतो, दुसरा कमी. त्या दोहोंच्या फरकावरून वरचा थर किती आहे ते कळते. मी विचारले, “वरून सगळी पृथ्वी दिसते, तर तुम्ही येथे डोके का तापवून घेता?”

तुम्ही म्हणालात, “त्याच्यापाशी एक पांढरी पाटी आहे, दादा. सूर्याचा मूळ उजेड किती, ते तो त्या पाटीवर बघतो. मग जमिनीकडून परतलेला उजेड किती, ते बघतो. ती पाटी वर्षानुवर्षं उन्हात मळत जाते. पाटी मळली की आकडे सरकतात. तेही थोडे थोडे, दिसणार नाही असे. त्याला वाटतं आकाश बदललं.”

“मग खाली आणून पुसा.”

“आणता येत नाही. एकदा गेला तो गेला.”

“आणि तुमची ही पेटी?”

“ही पण म्हातारी होते. पण ही हाताशी आहे. खोलीत नेऊन दिव्यासमोर धरतो, काय फरक पडला ते कळतं. तो या शहरावरून जातो त्याच वेळी मी पण बघायचं. त्याचं आणि माझं रोज ताडून बघायचं. वर्षांमागून वर्षं. मग सांगता येतं की जे सरकलं ते आकाश की पाटी.”

मी म्हणालो, “म्हणजे वरचा साक्षीदार सगळे बघतो, पण त्याची नजर तपासता येत नाही. खालचा साक्षीदार एवढेसे बघतो, पण त्याची नजर तपासता येते. दोघांची जबानी मिळवून मग निकाल.”

तुम्हाला हे इतके आवडले की तुम्ही ते पांडेजींना हिंदीत करून सांगितलेत. पांडेजी म्हणाले, “वाह मुंशीजी, आपने तो हमारी पूरी नौकरी एक लाइन में निपटा दी.” ते वाक्य मी पुढे कचेरीतल्या प्रत्येक वकिलाला ऐकविले आहे. ते माझे म्हणून ऐकविले, आणि ते माझेच होते. परंतु आत जे होते ते तुमचे होते.

मग तो आदेश आला. दोन पावसाळे झाले असतील. उपग्रहाचे आकडे आता साऱ्या देशासाठी येतात, सबब लखनौचे खालचे निरीक्षण बंद करण्याचा विचार आहे आणि ती पेटी येथून हलवून गोदामात ठेवावी, असा मजकूर होता. तुम्ही घरी आला नाहीत. कडुनिंबाखाली आलात आणि पक्षकार बसतात त्या विटांवर बसलात.

“दादा, एक अर्ज लिहायचा आहे.”

इतक्या वर्षांत तुम्ही हजार माणसे पाठविलीत, स्वतःसाठी कधी आला नव्हता. मी नवा कागद काढला. अभिमानाने सांगतो, मी त्या दिवशी बाकी कोणाचे काम घेतले नाही.

“कोणाविरुद्ध?” मी विचारले.

“कोणाविरुद्ध नाही.”

“असे कसे? आदेश कोणी काढला?”

“त्यांची चूक नाही. त्यांना वाटून राहिलं की वरून सगळं दिसतं, मग खालचा माणूस कशाला.”

“ठीक. विनंती काय?”

“हे रोजचं बघणं तुटू देऊ नका. एवढीच.”

“आणि नुकसान?”

तुम्ही रस्त्याकडे बघितलेत. सायकल रिक्षा जात होत्या. मग म्हणालात, “ते अजून ठरलं नाही.”

मी टाक खाली ठेवला. जावईबापू, अर्जाचे चार पाय असतात. कोण, कोणाविरुद्ध, काय मागणे आणि काय नुकसान. दुसऱ्या पायाशिवाय अर्ज लंगडत का होईना चालतो. चौथ्याशिवाय तो उभाच राहत नाही. ज्याचे नुकसान झालेले नाही त्याचे गाऱ्हाणे ऐकण्यासाठी सरकारने खुर्ची ठेवलेली नाही.

आपले भांडण तेथे सुरू झाले आणि सुमनच्या स्वयंपाकघरात शिजले. त्या सुमारास वर्तमानपत्रांतून बातम्या येत होत्या की, दक्षिण ध्रुवावर ओझोनचा थर त्यांच्या वसंतात फारच विरळ होतो. मी कात्रण घेऊन आलो होतो. पांडेजीही जेवावयास थांबले होते.

मी म्हणालो, “हे घ्या तुमचे नुकसान. लिहू की लखनौवरही हेच होऊ लागले आहे. लोकांची कातडी जळेल, डोळे जातील. साहेब घाबरेल आणि पेटी राहील.”

“लखनौवर तसं नाही, दादा.”

“थोडे तरी असेल.”

“असेल तर फार थोडं. आणि ते थोडं आकाशाचं की पाटीचं, हे सांगायलाच तर ही पेटी पाहिजे.”

“मग लिहू, ‘कमी होत आहे’.”

“नाही.”

“‘कमी होत असण्याचा संभव आहे’?”

“तेही नाही.”

पांडेजी म्हणाले, “अरे प्रभाकर बाबू, अर्ज़ी में थोड़ा नमक-मिर्च चलता है. बिना नमक के कौन साहब खाता है?”

“पांडेजी, आप रोज़ मेरे साथ छत पर खड़े होते हैं. आप भी?”

“छत पर मैं आपके साथ हूँ. दफ़्तर में मुंशीजी के साथ.”

सुमन तव्यावरून पोळी उतरवत म्हणाली, “दादा, ते जसं सांगून राहिले तसं लिहा ना. अर्ज त्यांचा आहे.”

“सुमे, तसे लिहिले तर साहेब वाचेल, चहा पिईल आणि कपाखाली ठेवील.”

तेव्हा मी माझी बाजू मांडली, आणि ती आजही मागे घेत नाही. अमीनाबादेतल्या एका विधवेचे छत गळत होते. ती रडत आली तेव्हा छत जागेवर होते. मी अर्जात लिहिले की छत कोसळले. माणसे आली, बघून माझ्यावर चिडली, पण आलीच होती म्हणून तुळई बदलून गेली. मी ‘गळते’ असे लिहिले असते तर ते छत पडले असते आणि ती बाई त्याखाली असती. मी तुम्हाला म्हणालो, “मी खोटे लिहीत नाही, जावईबापू. जे नंतर होणार ते आधी लिहितो, म्हणजे ते होत नाही.”

तुम्ही ताटातली डाळ बोटाने एकीकडे सारत राहिलात. मग म्हणालात, “छताचं तुम्हाला माहीत होतं, दादा. मला आकाशाचं माहीत नाही. आज मी ‘कमी झालं’ लिहिलं आणि उद्या ते पाटीचं निघालं, तर परवा कोणी खरं सांगेल त्याचंही ऐकणार नाहीत.”

“तुमच्या या खरेपणापायी पेटी जाईल.”

“जाईल.”

त्या एका शब्दावर मला इतका राग आला की मी चपला घालून निघालो. पोळी पानात तशीच होती. सुमनने ती दुसऱ्या दिवशी फडक्यात गुंडाळून कडुनिंबाखाली पाठविली. त्यात तुमचा निरोप होता की मुन्शीजींनी पोळीवर अर्ज करू नये.

असे करत अर्ज लांबला. बाकी सगळा मजकूर मी सुबक लिहून ठेवला होता. ‘संशोधन’ शब्दावरूनही आपले थोडे झाले. मी ‘शोध’ लिहिला होता, तुम्ही तो बदलावयास सांगितलात. “दोन्ही अर्थ लागू द्या,” म्हणालात. तेवढे मी ऐकले. चौथा रकाना मात्र तुमच्या माझ्यामध्ये उघडाच राहिला. आपण दोघेही पुढच्या आठवड्यावर ढकलत गेलो. आदेशही ‘विचाराधीन’ म्हणून पडून होता, त्यामुळे घाई वाटली नाही. मग दसऱ्याच्या सुमारास तुम्ही गच्चीचा जिना चढताना थांबू लागलात, आणि नंतर चढेनासे झालात.

इस्पितळात मी रोज दुपारी येत असे, कचेरी सोडून. तुम्ही कशानेही कण्हला नाहीत. फक्त मी खाटेशी बसलो की विचारीत असा, “आज ऊन आहे का?” पौष लागला होता. या शहराचे पौषातले धुके तुम्हाला माहीत आहे. दुपारीसुद्धा समोरचा खांब दिसत नाही. मी म्हणे, “नाही, धुके आहे.” तुम्ही डोळे मिटून म्हणत असा, “म्हणजे आजचं नाही.” एके दिवशी पांडेजी बरोबर होते. तुम्ही त्यांना म्हणालात, “जिस दिन नहीं दिखा, वहाँ ख़ाली छोड़ना. कल का और परसों का मिलाकर बीच का मत भर देना.” पांडेजी म्हणाले, “कभी भरा है क्या?” तुम्ही म्हणालात, “मन करता है, इसलिए कह रहा हूँ.” आणि दोघेही हसलात. मला त्या हसण्यातले तेव्हा काही कळले नाही.

आता कळते. तुम्ही गेल्यापासून जो येतो तो मधले काहीतरी भरून जातो. फार त्रास न होता गेले. देवमाणूस होते. सुटले. सुमन ऐकून घेते, चहा करते. माणसे गेली की तुमच्या खुर्चीवर कोणी चुकून ठेवलेली पिशवी उचलून खाली ठेवते. एवढेच करते. तिला गच्ची, पेटी, पाटी यांतले काही कोणी शिकविले नाही. पण जे नाही ती जागा भरू देत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, ज्यासाठी हा सारा मजकूर लिहिला.

त्या शेवटच्या दुपारी (ती शेवटची आहे हे मला कोणी सांगितले नव्हते) तुम्ही उन्हाचे विचारले नाहीत. विचारलेत, “चौथ्या रकान्याचं काय केलंत?”

मी म्हणालो, “तसाच आहे.”

तुम्ही म्हणालात, “लिहून टाका.”

मी विचारले, “काय लिहू?”

तेवढ्यात औषध देणारी बाई आली. तिने तुम्हाला उठवून बसविले, तुम्हाला खोकला आला, पाणी दिले, आणि मग तुमचा डोळा लागला. मी थोडा वेळ बसलो. मला वाटले, उद्या विचारू. आणि उद्या आपण खाटेवर नव्हता.

जावईबापू, काय लिहून टाका म्हणालात? तुमचे की माझे?

मी सुमनला विचारले. ती म्हणाली, “ते फार दमले होते, दादा. पेटी राहावी म्हणून तुमचं ऐकलं असेल त्यांनी.” असे म्हणून ती रडली. तुम्ही हरलात याचे तिला वाईट वाटले की तुम्ही माझे मन राखलेत याचे बरे वाटले, ते मी विचारले नाही. पांडेजींना विचारले. ते म्हणाले, “मुंशीजी, वो आदमी मरते-मरते भी बीच का नहीं भरने दे रहा था. आपका वाला कैसे भरवाता?” म्हणजे येथेही एक साक्षीदार एक सांगतो, दुसरा दुसरे. आणि दोघांची जबानी ताडून बघणारा माणूस तुम्हीच होता.

कित्येक दिवस तो कागद मी माझ्या लिहिण्याच्या पेटीत घेऊन फिरलो. मृताच्या नावाने अर्ज चालत नाही, म्हणून अर्जदार मी झालो. ‘दिवंगताचा मेहुणा व या शहराचा रहिवासी’. चौथ्या रकान्यावर टाक ठेवला की माझा हात आपणहून ‘कोसळले’ लिहावयास जाई. माझे आयुष्य त्या एका शब्दावर चालले आहे. मला ती पेटी वाचवायची होती. ती गेली तर गच्चीवर तुम्ही उभे होता त्या जागेवर काहीच राहणार नाही, फक्त ऊन. एकीकडे तुमची पेटी आणि दुसरीकडे तुमचा शब्द. दोन्ही एकदम ठेवता येईल असे वाक्य मला मराठीत सापडले नाही आणि हिंदीतही सापडले नाही.

शेवटी मागच्या आठवड्यात मी स्वच्छ धोतर नेसून कार्यालयात गेलो. अर्ज घेणारे बाबू तरुण होते. त्यांनी वरून खाली वाचीत आणले आणि बोट थांबविले.

“संशोधन करते थे. किस चीज़ में संशोधन?”

मी म्हणालो, “पहले अपने में, साहब. फिर मशीन में. हवा में नहीं.”

त्यांनी माझ्याकडे बघितले आणि पुढे वाचले. “और ये क्या है? नुकसान : अभी तय नहीं.”

“जी.”

“जब नुकसान तय ही नहीं, तो आप आए किसलिए हैं?”

मी त्या टेबलापुढे उभा होतो आणि मला तुमच्या ताटातली एकीकडे सारलेली डाळ दिसली. मी म्हणालो, “तय हो सके, इसलिए.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अर्जाच्या कोपऱ्यावर शिक्का मारून पोच माझ्या हातात दिली. एवढेच घडले. मंजूर नाही, नामंजूरही नाही. अर्ज गेला. पेटी अजून गच्चीवर आहे आणि पांडेजी रोज वर जातात, शेवटचा आदेश येईपर्यंत. काल मीही गेलो होतो. घड्याळ मी धरले. ते म्हणाले, “मुंशीजी, हाथ मत हिलाइए.” मी हलविला नव्हता. वर बघितले. नेहमीप्रमाणे काही दिसले नाही.

तरी आपणास नम्र विनंती की :

चौथ्या रकान्यात मी जे लिहिले तेच आपणास अभिप्रेत होते किंवा कसे, याचे उत्तर मिळावे. मी आपला शब्द राखण्यासाठी आपली पेटी गमावली असेल, तर तसेही स्पष्ट कळवावे. मी ऐकून घेईन, चपला घालून निघून जाणार नाही.

तसेच या कागदात मी आपणाविषयी जे लिहिले ते आपण होता तसे आहे, की इतक्या वर्षांच्या सहवासाने माझीच पाटी सरकली आहे, हे मला तपासता येत नाही. ते एकदा आपल्या नजरेखालून जावे. जेथे मी वाढवून लिहिले असेल तेथे आपण संशोधन करावे, इकडच्या अर्थाने. कचेरीची रीत आपणास ठाऊक आहे. मजकूर गिरवून काळा करावयाचा नसतो. त्यावर एकच सरळ रेघ ओढावी, खालचे वाचता आले पाहिजे, आणि बाजूला समासात आपली सही करावी.

त्यासाठी समास नेहमीपेक्षा रुंद सोडला आहे.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला मेहुणा,
शंकर, मुन्शी